मस्कतहून चालणारा फोन

माझ्या नातीचा फोन असतो आमच्या घरात, पण चालतो मस्कतहून. हे मी पहिल्यांदा शेजारणीला सांगितलं तेव्हा ती वालाच्या शेंगा निवडत होती. हातातली शेंग तशीच धरून म्हणाली, "अगं बाय, मग वायर केवढी लांब टाकली असेल!" आणि स्वतःच हसत सुटली.

वायर नाही काही. माझा मुलगा आणि सून मस्कतला असतात. तो एका कंपनीचं स्टोअर सांभाळतो, ती हॉस्पिटलात नर्स आहे. नात माझ्याजवळ, वसईच्या आमच्या गावात, वाडीला लागून असलेल्या घरात. आली तेव्हा माझ्या खांद्याला लागत नव्हती. आता दहावीत आहे आणि वरच्या फळीवरचा डबा मला तीच काढून देते. आम्ही घरात आमची गावची बोली बोलतो. ती इथे लिहिली तर निम्म्या लोकांना कळायची नाही, म्हणून सगळ्यांचं बोलणं मी आपलं सरळ करून लिहिते आहे. मासळीवालीचं तेवढं तसंच ठेवते, तिचं सरळ केलं तर ती रागवेल.

तर नववीची सुट्टी होती तेव्हा दोघं रजेवर आली आणि तिला फोन घेऊन दिला. फोनबरोबर ते ऍपही आलं. मुलाने मला टेबलाशी बसवून सगळं दाखवलं. "हे बघ आई, हा माझा फोन, हा तिचा. ती काय बघते, किती वेळ बघते, ते मला इथे दिसतं. रात्री नऊला तिचा बंद होणार. जास्त वेळ पाहिजे असेल तर तिने तिथून मागायचा, मी इथून द्यायचा. आणि ती कुठे आहे ते इथे, नकाशावर."

नकाशावर एक निळा ठिपका होता, बरोबर आमच्या घरावर बसलेला.

"आणि मी कुठे आहे?" मी विचारलं.

"तुला कोण पळवणार आहे, आजी!" नात म्हणाली. पण म्हणताना हसली नाही.

सुनेचं बोलणं नेहमी नेमकं. नर्सच ती. म्हणाली, "आई, मी तुमच्यासमोरच तिला सांगते, म्हणजे नंतर गैरसमज नको. दहावी नीट झाली, फोनवरून काही वेडंवाकडं झालं नाही, तर ही तुमच्याजवळ राहूनच कॉलेज करील. नाहीतर घाटावर कॉन्व्हेंटच्या सिस्टरांचं हॉस्टेल आहे, तिथे मी बोलून ठेवलंय. जागा धरून ठेवतील त्या."

नात मान खाली घालून ऐकत होती. मीही. हॉस्टेल चांगलंच असणार, सिस्टर लोक प्रेमळ असतात, मला ठाऊक आहे. पण त्या दिवसापासून त्या फोनची भीती तिच्यापेक्षा मला जास्त वाटायला लागली. चार्जिंगला लावलेला दिसला तरी मी त्याच्याकडे शिक्षकांकडे बघावं तशी बघायची.

रोजचा व्यवहार मात्र मजेचा होता. संध्याकाळी ती मैत्रिणीबरोबर गणितं सोडवत असायची, फोनवरच, आणि मध्येच तो गप्प व्हायचा. मग ती वेळ मागायची. तिकडे माझा लेक गोदामात खोकी मोजत असायचा, त्याला कुठलं कळतंय! मग स्वारी माझ्याकडे. "आजी, प्लीज, पप्पांना फोन लाव ना. सांग ना त्यांना, ॲप्रूव्ह करा म्हणून."

मी लावायची. "अरे, पोरीला पंधरा मिनिटं दे."

"कशाला पाहिजेत?"

मी पदराआडून तिला विचारायची, "कशाला पाहिजेत?"

"मॅथ्स!"

"मॅथ्स," मी सांगायची.

"आई, तिने आज आधीच खूप वेळ व्हिडिओ बघितलेत. इथे दिसतायत मला. नखांना रंग लावायचे."

मी फोन हाताने झाकून, "नखं कोणाची रंगवलीस गं?" आणि मग माझ्याच पायांकडे लक्ष जायचं, कारण ती माझीच रंगवली होती दुपारी. ते मात्र मी मस्कतला कळवत नसे. असा मी दलालीचा धंदा केला, दोन्ही बाजूंची बोलणी खाऊन.

लोक मला विचारतात, तुम्हाला हे पटतं का? आता पटतं किंवा नाही असं एका शब्दात सांगता येत नाही मला. माझ्या लहानपणी माझ्यावर काय कमी डोळे होते? मी माणिकपूरला सुई-दोरा आणायला गेले आणि वाटेत बर्फाचा गोळा खाल्ला, तर गोळ्याची बातमी माझ्याआधी घरी. वाडीत पाणी शिंपणारा चुलता बघायचा, चर्चच्या पायरीवर बसलेल्या म्हाताऱ्या बघायच्या, बावखलावर, म्हणजे गावच्या तळ्यावर, कपडे धुणाऱ्या बायका बघायच्या. पण मीही त्यांना बघायची ना! कोण कुठे बसलंय हे मला माहीत होतं. कुठल्या म्हातारीला कमी दिसतं आणि कुठली काकी दुपारी झोपते, तेही. आणि ज्या काकीने चुगली केली तीच दुसऱ्या दिवशी, "ये गं, मटणाचं इंद्याल केलंय, पावाला लावून खा," म्हणून हाक मारायची. राग धरायला जागाच ठेवायची नाही. नातीला बघणारा मात्र तिला दिसत नव्हता. तो जागा आहे की झोपलाय, हसतोय की कपाळाला आठ्या घातल्यात, तिला काही कळायचं नाही. आणि मला वाटतं, त्यालाही तिचं तोंड दिसत नव्हतं. दिसायचा तो ठिपका. मी हे तेव्हा बोलले नाही. शेतीवाडी करणाऱ्या बाईने ऍपबद्दल काय बोलायचं.

मग ऑक्टोबर आला. ऑक्टोबर म्हणजे आमच्याकडे रोझरीचा महिना. माउलीची, म्हणजे पवित्र मरियेची मूर्ती गावात घरोघर फिरते. एका घरी एक दिवस. संध्याकाळी सगळा गाव त्या घरी जमून जपमाळ म्हणतो, आणि मग मेणबत्त्या घेऊन, गाणी म्हणत माउलीला पुढच्या घरी पोचवतो. मूर्ती काचेच्या पेटीत असते, आत निळी मखमल. खालचा कपडा, मेणबत्त्यांची स्टँडं, फुलं, सगळं तिच्याबरोबर जातं. आणि त्या गडबडीत दुसरंही बरंच काही जातं. चष्मे जातात, किल्ल्या जातात. एका म्हातारबाबांची कवळी गेली होती, ती तिसऱ्या घरी सापडली. आमच्या गावात एखादी वस्तू सापडेनाशी झाली की ऑक्टोबरात कोणी घर उपसत बसत नाही. पहिलं विचारतात, "माउली आता कुणाकडे आहे?"

आमच्या घरी माउली आली त्या संध्याकाळी तर सगळं छान झालं. दुसऱ्या दिवशी निरोपाची जपमाळ. माउलीच्या विनवण्या नातीने म्हटल्या, फोनमध्ये बघून. आताची मुलं पुस्तक आणत नाहीत. मेणबत्तीच्या उजेडात तिला नीट दिसावं म्हणून फोन पेटीच्या आत, माउलीच्या पायांशी टेकवून ठेवला होता. आवाज बंद करून, हे तिचं तिने केलं होतं. गोड म्हटलं तिने. मग गाणं सुरू झालं, बायकांनी पेटी उचलली, नातीच्या हातात फुलांची परडी दिली, आणि निघालो सगळे. चर्चच्या मैदानापलीकडे पुढचं घर होतं. तिथे पुन्हा प्रार्थना, मग उकडलेले चणे, मग बायकांच्या गप्पा. घरी आलो तेव्हा नऊ वाजून गेले होते. नऊनंतर तो फोन असून नसल्यासारखा. मग तो शोधणार कोण आणि कशाला? ती माझ्याशेजारी येऊन झोपली. सकाळी शाळेत गेली. शाळेत फोन नेऊ देत नाहीत, त्यामुळे तेव्हाही तो शोधायचं काही कारण नव्हतं.

तिकडे मस्कतला माझ्या मुलाने चहाचा कप हातात घेतला आणि ऍप उघडलं. ठिपका आमच्या घरावर नव्हता. रात्रभर नव्हता.

तो होता मैदानापलीकडच्या त्या घरावर. ते घर आमच्या ओळखीचंच. घरधनीण माझ्याहून जरा लहान, जिभेने तिखट, मनाने चांगली. पण तिच्या मागच्या खोल्यांत कामणच्या गोदामांत काम करणारी तरुण मुलं भाड्याने राहतात, हे माझ्या मुलाला माहीत होतं. बापाच्या डोक्यात काय आलं असेल ते मी लिहीत नाही. ऑक्टोबर चालू आहे, माउली फिरतेय, हे मात्र याच गावात वाढलेल्या माणसाच्या डोक्यात आलं नाही.

त्याने मला फोन केला. मी वाडीत पानवेलींना पाणी सोडत होते, फोन स्वयंपाकघरात. त्याने तिला फोन केला. तो मखमलीत, आवाज बंद. मग त्याने माणिकपूरला राहणाऱ्या चुलत भावाला फोन केला आणि सांगितलं, "आत्ताच्या आत्ता जा."

चुलत भाऊ तसा भला आहे, पण त्याचा आवाज बँडवाल्यासारखा. स्कूटर फाटकात लावली आणि तिथूनच विचारलं, "आमची पोरगी रात्री इथे होती का? मागच्या खोल्या बघू द्या जरा."

त्या वेळी त्या ओटीवर पाचूबंदरची मासळीवाली टोपली उतरवून बसली होती.

मला ती गोष्ट कळली ती तिच्याकडूनच. माझ्या दारात येऊन टोपली टेकवली, "बाय, पानी दे जरा," म्हणाली. पाणी प्याली, आणि मग बोंबलांवरचं फडकं बाजूला करत हळूच विचारलं, "तुजी नात काल कोनाकडं व्हती म्हनं?"

"कोणाकडे म्हणजे? माझ्याशेजारी झोपली होती. रात्रभर माझी चादर ओढत होती."

"मंग तो स्कूटरवाला काय सोदत व्हता?"

तिने सगळं सांगितलं. आत जाऊन फोन बघितला तर मुलाचे कितीतरी कॉल. लावला.

"आई, ती कुठे आहे?" त्याचा आवाज ओळखू येत नव्हता.

"शाळेत. दुसरीकडे कुठे असणार?"

"रात्री कुठे होती?"

"माझ्याजवळ."

"मग तिचा फोन…"

मी वळून घरातल्या आल्ताराकडे, आमच्या देव्हाऱ्याकडे बघितलं. जिथे कालपर्यंत पेटी होती तिथे नुसत्या वाळलेल्या झेंडूच्या पाकळ्या. "अरे बाबा," मी म्हटलं, "फोन माउलीबरोबर गेला."

तिकडून त्याचं नाक ओढणं ऐकू आलं. मग तो हसला की रडला, मला कळलं नाही.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण फोन सुनेने घेतला. तिचाही आवाज ओला होता, तरी बोलणं नेमकंच. "आई, तिने काही केलं नाही, कळलं मला. देवाची कृपा. पण आता गावात तोंडोतोंडी झालं ना? लोक अर्धंच ऐकतात. भाड्याच्या खोल्या, मुलं, रात्र, एवढंच लक्षात ठेवतील. तिला आता तिथे ठेवायला नको. डिसेंबरात आम्ही येऊ तेव्हा हॉस्टेलला पोचवू."

"काही केलं नाही म्हणून?" मी विचारलं.

"तिच्या भल्यासाठी, आई."

तिचं म्हणणं अगदीच खोटं होतं असंही नाही. गावाची जीभ मी तिच्यापेक्षा जास्त ओळखते.

दुपारी नात आली ती सगळं ऐकूनच आली. बसमध्ये कोणीतरी विचारलं होतं. दप्तर ठेवलं, बूट काढले, पंख्याखाली बसली. मला वाटलं आता रडेल. नाही रडली.

"काकांना पाठवलं पप्पांनी?"

"हो गं."

"खोल्यांत बघायला?"

मी मान डोलावली.

"त्यांनी तुला नाही विचारलं आधी?"

"केला होता फोन, मी वाडीत होते."

"मग थांबायचं ना, आजी. तू किती वेळ वाडीत राहणार होतीस?"

बस. एवढंच. बोंबील तळले होते, तिचे आवडते. दोन घास खाल्ले आणि ताट सारलं. संध्याकाळी मी साडी बदलली, जपमाळ घेतली, तर म्हणाली, "मी नाही येत. तू जा."

"ये," मी म्हटलं. "आज नाही आलीस तर उद्या यायला दुप्पट जड जाईल."

"सगळे बघतील."

"बघू देत. तूही बघ त्यांच्याकडे."

ती आली. माझा हात धरून नाही, दोन पावलं मागून. माउली अजून त्या खोल्यावाल्या घरीच होती, निरोपाची प्रार्थना तिथेच व्हायची होती. आम्ही आत शिरलो तशी कुजबुज थांबली. ते थांबणं फार वाईट असतं. कुजबुज चालू राहिली असती तर बरं, असं वाटतं.

घरधनीण स्वयंपाकघरातून हात पुसत आली. एकदा माझ्याकडे, एकदा नातीकडे बघितलं, मग माउलीच्या पेटीत हात घातला आणि मखमलीमागून फोन काढून सगळ्यांना दिसेल असा वर धरला.

"हा बघा पाहुणा," ती म्हणाली. "काल रात्री माझ्या घरी राहिला. माउलीच्या पायांशी झोपला. मी त्याला सकाळीच बघितलेला, पण शाळेतून पोरगी येईल आणि नेईल म्हणून हात लावला नाही. तेवढ्यात माणिकपूरहून पोलीस आले!"

कोणीतरी फसकन हसलं.

"हसू नका. माझी भाडेकरू पोरं डब्बल ड्युटीला होती, त्यांची अंथरुणं मी झटकून दाखवली त्या स्कूटरवाल्याला. आता अजून कुणाला काही विचारायचं असेल तर आत्ता विचारा. प्रार्थना सुरू झाली की मी मध्ये बोलू देणार नाही."

"माझी कवळी पण बघ गं त्यात," म्हातारबाबा मागून म्हणाले, आणि मग सगळंच घर हसलं. नातीच्या ओठांचा कोपरा हलला. घरधनिणीने फोन तिच्या हातात दिला आणि हळूच म्हणाली, पण मला ऐकू आलं, "विनवण्या तूच म्हण. मला ते बारीक अक्षर वाचता येत नाही."

म्हटल्या तिने. पहिल्या दोन ओळी आवाज थरथरत होता. पुढे नाही.

दुसरा दिवस शुक्रवार, मस्कतला सुट्टी. व्हिडिओवर दोघं बसली होती, सोफ्यावर, शाळेत पालक बसतात तशी. मी उठून जाऊ लागले तर नातीने माझा पदर धरला.

मुलगा म्हणाला, "बाळा, चुकलं माझं. घाबरलो मी."

"तुम्ही मला नाही विचारलं, पप्पा. काकांना विचारलं, त्या बाईंना विचारलं. मला शेवटी पण नाही विचारलं."

"फोनच लागत नव्हता तुझा."

"आजीचा लागला असता. दहा मिनिटांनी."

तो सांगू लागला, तिच्याकडे न बघता, स्वतःच्या हातांकडे बघत. की दुपारी डबा उघडला की तो ऍप उघडतो. ती शाळेतून येऊन फोन हातात घेते, मग क्लासला निघते. ठिपका चर्चपर्यंत आला, बेकरीशी थांबला, म्हणजे काहीतरी खातेय. क्लासला पोचला. "पकडायला नाही बघत गं. एवढ्या वेळात मी तुझ्याबरोबर जेवतो."

हे मला नवीन होतं. सुनेलाही असावं, कारण तिने त्याच्याकडे वळून बघितलं.

नातीने माझा पदर सोडला. मग म्हणाली, "तो ठिपका राहू दे. मला चालेल. पण मी काय बघते ते मोजू नका. ते मी बघीन. आणि माझ्यामागे माणूस नाही पाठवायचा. कधीच." थोडं थांबून म्हणाली, "आणि मी हॉस्टेलला गेले तर लोक म्हणतील, होतं काहीतरी, म्हणून नेली. मम्मी, तू मला लपवलंस तर मी काय सांगू त्यांना?"

सुनेने डोळ्यांना हात लावला आणि "डिसेंबरात बघू," म्हणाली. तिचं "बघू" म्हणजे नाही असतं हे मला माहीत आहे. पण या वेळचं वेगळं वाटलं.

डिसेंबरापर्यंत मी काही विचारलं नाही. गावातही त्या गोष्टीचा रंग हळूहळू उडत गेला, सगळा नाही. लग्नघरात एकीने मुद्दाम विचारलंच, "तीच ना ही, फोनवाली?" नात म्हणाली, "हो काकी, मीच." आणि जेवणाच्या रांगेत उभी राहिली.

दोघं आली नाताळाच्या आधी. पहिल्या दोन दिवसांत हॉस्टेलचा विषय कोणी काढला नाही. तिसऱ्या दिवशी सून माझ्याबरोबर करंज्यांचं सारण भाजत होती. मध्येच म्हणाली, "आई, सिस्टरना मी कळवलं. जागा सोडली म्हणून." आणि झारा जोरात फिरवायला लागली. मी म्हटलं, "करपेल, जरा हळू." आणि वेलचीची पूड तिच्याकडे सरकवली.

त्याच संध्याकाळी नात चप्पल घालून निघाली. मुलगा ओटीवर बसला होता. "कुठे निघालीस?" त्याने विचारलं आणि विचारल्यावर स्वतःच चपापला.

"माणिकपूरला. नाताळच्या गोठ्याच्या चांदण्या आणायच्या आहेत. येताय?"

तो घरातल्या कपड्यांवरच उठला. दोघं चालत गेली, रिक्षा केली नाही. गल्लीच्या वळणापर्यंत तो काहीतरी विचारत होता आणि ती हात हलवून हलवून सांगत होती. सून म्हणाली, "आई, यांचा फोन इथेच राहिला की!" मी म्हटलं, राहू दे. किती वाजता येतील ते आम्हाला दोघींनाही ठाऊक नव्हतं. आम्ही करंज्या भरत बसलो.